ब्रेक मारला की पुढून बसणारी जुनी मोटरसायकल: एका फोर्कचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी नव्वदच्या दशकातली, दोन सिलिंडरची, हवेवर थंड होणारी. पेट्रोल-तेलासकट वजन 190 किलोच्या आसपास. पुढे 37 मिलिमीटरचा साधा टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे दोन पाय, आत स्प्रिंग आणि तेलाच्या विरोधाने हालचाल आवरणारा डँपर रॉड, चाकाची वरखाली हालचाल 130 मिलिमीटर. फोर्कच्या टोपीवर फिरवायचा स्क्रू नाही, हवेचा व्हॉल्व्ह नाही. म्हणजे बाहेरून काहीही कमीजास्त करायची सोय नाही. त्या काळातल्या मध्यम किमतीच्या बहुतेक गाड्या अशाच निघत. कारखान्याने एक सरासरी चालक डोळ्यांसमोर ठेवायचा, त्याच्या वजनाला साजेशी स्प्रिंग घालायची आणि टोपी बंद करायची.

मालक पन्नाशीतले. हेल्मेट, जॅकेट, बूट धरून 88 किलो. गाडी त्यांनी वापरलेलीच घेतली होती. आधीच्या हातांत तिचं काय काय झालं याची नोंद नव्हती. इंजिन उत्तम, ब्रेक नुकतेच नीट केलेले. हे ब्रेक नीट होणंच खरं तर या प्रकरणाची सुरुवात ठरलं. जुने ब्रेक जेमतेम धरत होते तोवर फोर्कचं दुखणं झाकलेलं होतं. नवीन पॅड आणि नवीन होज बसल्यावर ते उघडं पडलं.

ओळख लपवण्यासाठी गाडीचं नाव आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. मोजमापं मात्र जशीच्या तशी आहेत.

तक्रार आणि तिच्यावरचा पहिला उपाय

तक्रार सोपी होती. जरा जोरात ब्रेक दाबला की गाडी पुढून बसते, आणि त्यातच खड्डा आला तर खालून 'ठक्' असा लोखंडी आवाज येतो. वळणात शिरताना ब्रेक सोडला की पुढचा भाग उसळून वर येतो आणि गाडीची रेषा बिघडते.

पहिल्या गॅरेजमध्ये यावर सर्रास केलं जातं तेच केलं गेलं. फोर्कमधलं तेल काढून घट्ट तेल घातलं. कंपनीच्या पुस्तकात 10W सांगितलं होतं, त्याऐवजी 20W. स्टँडवर उभी करून हँडल दाबून पाहिलं तर फोर्क खरोखरच जड लागत होता. मालक खुश होऊन गेले.

रस्त्यावर मात्र भलतंच झालं. छोट्या, धारदार खाचखळग्यांवर हँडलला असे धक्के बसायला लागले की मनगटं दुखू लागली. आणि ब्रेकवर गाडी पूर्वीइतकीच बसत होती, फक्त जरा सावकाश. एकामागून एक खड्डे आले तर फोर्क प्रत्येक खड्ड्याला आणखी खाली जात राहायचा, कारण घट्ट तेलामुळे त्याला दोन धक्क्यांच्या मध्ये वर यायला वेळच मिळत नव्हता. आधी एक तक्रार होती, आता दोन झाल्या.

याचं कारण डँपर रॉडच्या रचनेत आहे. त्यात तेल जाण्यासाठी ठरावीक आकाराची भोकं असतात, ती धक्क्यानुसार लहानमोठी होत नाहीत. अशा भोकातून तेल ढकलताना होणारा विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो. ब्रेकवर फोर्क दबतो तो तुलनेने हळू, तेव्हा विरोध अगदीच कमी. खड्ड्याच्या धारेवर चाक झटक्यात वर येतं, तेव्हा विरोध प्रचंड. तेल घट्ट केलं की जिथे आधीच जास्त होतं तिथे आणखी जास्त होतं, आणि जिथे हवं असतं तिथे फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने हे एका वाक्यात सांगितलं. मालक म्हणाले, "अजून घट्ट तेल मिळतं का?" तो म्हणाला, "काका, तेल गाडी उचलून धरत नाही. तेल फक्त वेळ काढतं. गाडी धरते ती स्प्रिंग."

मोजमाप आधी

या मेकॅनिकने टोपीला पाना लावण्याआधी टेप हातात घेतली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

मोजायचा होता सॅग, म्हणजे गाडीच्या आणि चालकाच्या वजनाने फोर्क जागच्या जागी किती बसतो ते. पुढचं चाक जमिनीवरून उचललं, फोर्क पूर्ण लांब केला आणि धूळ-सीलच्या कडेपासून खालच्या टीच्या (फोर्कचे दोन्ही पाइप धरणाऱ्या ब्रॅकेटच्या) तळापर्यंतचं अंतर घेतलं: 165 मिलिमीटर. मग चाक जमिनीवर टेकवून मालकांना पूर्ण कपड्यांनिशी गाडीवर बसवलं, पाय फूटरेस्टवर. एकाने मागून गाडी सरळ धरली.

इथे बरेच जण एकच आकडा घेतात आणि फसतात. फोर्कमध्ये घर्षण असतंच, त्यामुळे तो नेमका कुठे थांबेल हे कुठून येऊन थांबतोय यावर अवलंबून असतं. म्हणून दोन वेळा मोजलं. आधी हँडल खाली दाबून हळूच सोडलं आणि फोर्क वर येऊन जिथे थांबला तिथे आकडा घेतला: 101. मग पुढचा भाग हातांनी वर ओढून हळूच सोडला आणि तो खाली बसला तिथे घेतला: 119. सरासरी 110, म्हणजे सॅग 55 मिलिमीटर.

130 पैकी 55 म्हणजे बेचाळीस टक्के. रस्त्यावरच्या गाडीला चालकासह साधारण पाव ते एक तृतीयांश हालचाल खर्च व्हावी, म्हणजे इथे 33 ते 43 मिलिमीटर. नुसत्या गाडीच्या वजनाने, चालक नसताना, ती 26 मिलिमीटर बसत होती.

पण मेकॅनिकचं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर गेलं. 101 आणि 119 यांतला फरक 18 मिलिमीटर. एवढं घर्षण नुसत्या सीलचं नसतं. एक सेंटीमीटरच्या वर फरक गेला की काहीतरी अडतंय असं समजायचं. त्याने एक्सलचा क्लँप बोल्ट ढिला केला, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबला. उजव्या पायाची खालची केस एक्सलवर मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर सरकली. डोळ्यांना दिसावं इतकी. नीट लक्ष दिलं तर आवाजही ऐकू आला. कधीतरी चाक बसवताना कोणीतरी आधी क्लँप आवळला होता, फोर्क दाबून त्याला आपली जागा घेऊ दिली नव्हती. दोन्ही पाय एकमेकांकडे ओढले जाऊन पाइप तिरके घासत होते.

बोल्ट पुन्हा आवळून परत मोजलं: 106 आणि 114. सरासरी तीच 110, पण फरक 18 वरून 8 वर आला. एकही सुटा भाग न बदलता मनगटाच्या दुखण्याचा एक हिस्सा तिथेच संपला. घट्ट तेलाला मिळालेल्या शिव्यांपैकी काही खरं तर या एका बोल्टच्या होत्या.

टायरमधली हवा आणि कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, याच वेळी तपासून घेतले. दोन्ही ठीक होते.

उघडल्यावर

फोर्क उघडताना एक क्रम पाळावा लागतो. वरच्या टीचा क्लँप आधी ढिला करायचा, कारण तो आवळलेला असताना टोपीचे आटे चिमटीत असतात आणि पान्याने जोर लावला की खराब होतात. चाक हवेत असायला हवं. शेवटच्या आट्यांवर तळहात टोपीवर दाबून ठेवायचा, तोंड बाजूला. दाबलेली स्प्रिंग टोपी उडवते, आणि सर्क्लिपच्या टोप्या या बाबतीत जास्त धोकादायक.

निघालेलं तेल राखाडी होतं, कडेला धातूची चमक, आणि कुजल्यासारखा वास. नुकतंच बदललेलं तेल एवढं काळवंडायचं कारण नव्हतं. म्हणजे जुना गाळ न धुता नवीन तेल वर ओतलं होतं. तेलाच्या पातळीचीही तीच गत. स्प्रिंग बाहेर काढून आणि फोर्क पूर्ण दाबून पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजलं तर डावीकडे 175 आणि उजवीकडे 210 मिलिमीटर. पुस्तकात 160. उजव्या पायाचा सील झिरपत होता, धूळ-सीलच्या आत त्याचा ओला डाग दिसत होता.

स्प्रिंगची मोकळी लांबी उजवीकडे 469, डावीकडे 470. पुस्तकात नवी 480 आणि बदलायची मर्यादा 470. म्हणजे दोन्ही दहा-अकरा मिलिमीटर बसलेल्या.

ही स्प्रिंग किती कडक आहे हे पुस्तकात नव्हतं, तेव्हा ते मोजलं. ड्रिल मशीनच्या टेबलावर घरगुती वजनकाटा, त्यावर स्प्रिंग उभी, आत लाकडी दांडा, कारण लांब स्प्रिंग दाबली की धनुष्यासारखी वाकते. 50 मिलिमीटर दाबल्यावर काट्यावर 30 किलो, 100 ला 60. म्हणजे मिलिमीटरला 0.6 किलो, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. एक गोष्ट इथे नोंदवण्याजोगी आहे. स्प्रिंग वयाने आखूड होते, पण तिचा कडकपणा जवळजवळ तसाच राहतो, कारण तो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो, आणि यांतलं काही बदललेलं नसतं. 'स्प्रिंग म्हातारी झाली म्हणून मऊ झाली' हे ऐकायला पटतं, पण ही स्प्रिंग कारखान्यातून निघाली तेव्हाही एवढीच मऊ होती. हलक्या चालकासाठी ती पुरेशी होती.

कोणते पर्याय समोर होते

तेल आणखी घट्ट करणं बाद झालं होतं. तेलाची पातळी वाढवणं हा दुसरा मार्ग. फोर्कमध्ये तेलावर कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. जागा कमी केली की हवा शेवटच्या टप्प्यात लवकर आणि जास्त कडक होते. पण सुरुवातीच्या आणि मधल्या हालचालीत तिचा परिणाम नगण्य, त्यामुळे 55 मिलिमीटरचा सॅग तिने हलला नसता. शिवाय अती केलं तर हवेच्या दाबाने सील फुटतात. हे शेवटी हात फिरवायला राखून ठेवलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी कंपन्या टोपीवर हवेचा व्हॉल्व्ह देत, तशा टोप्या बसवण्याचा विचार मालकांच्या मनात होता. मेकॅनिकने नको म्हटलं. आतली जागा एवढीशी, की हातपंपाचा एक झटका जास्त झाला तरी दाब दुप्पट होतो, आणि मोजायला गेज लावलं की त्यातच हवा निघून जाते. त्यात दोन्ही पायांत दाब सारखा राहील याची खात्री नाही. कंपन्यांनीही ती पद्धत पुढे सोडूनच दिली.

स्प्रिंग कापून कडक करण्याचा जुना गॅरेजी मार्गही चर्चेत आला. गणित बरोबर आहे: वेटोळी कमी तितका कडकपणा जास्त. पण 0.6 चं 0.8 करायला चौथा हिस्सा कापावा लागतो. उरलेल्या वेटोळ्यांवर ताण त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे आधीच बसलेली स्प्रिंग आणखी लवकर बसणार. कापलेलं टोक सपाट घासलेलं नसेल तर ती तिरकी बसून पाइपला आतून खरवडते. थोड्याशा फरकासाठी मी हा मार्ग चालवून घेईन. इथे फरक थोडा नव्हता.

उरले दोन: स्पेसर (टोपी आणि स्प्रिंग यांच्यामधली नळी) लांब करून जुन्या स्प्रिंगला जास्त प्रीलोड देणं, म्हणजे ती बसवतानाच जास्त दाबून ठेवणं, किंवा कडक स्प्रिंगची नवी जोडी. सगळा फोर्कच दुसऱ्या गाडीचा बसवणं हा पर्याय मालकांच्या एका मित्राने सुचवला होता. टीपासून चाकापर्यंत सगळं बदलणाऱ्या त्या उद्योगात कोणी फार वेळ घालवला नाही.

पहिला निर्णय: स्पेसर

नव्या स्प्रिंगला वेळ लागणार होता. तेवढ्यात स्पेसर करून बघू, असं ठरलं. कठीण पीव्हीसी पाइपचे तुकडे, दोन्ही टोकं अगदी काटकोनात, वरखाली वॉशर. जुन्यापेक्षा 20 मिलिमीटर लांब. सील दोन्ही नवे, आतला गाळ धुतलेला, तेल पुस्तकातलं 10W, पातळी 160.

बुश, म्हणजे पाइप ज्यांवर सरकतात त्या लेप दिलेल्या कड्या, काढून पाहिले. कडेचा लेप झिजून तांबूस धातू डोकावत होता, पण फोर्क पाइपला हाताने हलवल्यावर जाणवावा असा खेळ नव्हता. जुनेच परत घातले. या निर्णयाकडे पुढे वळावं लागेल.

बसवून मोजलं तर चालकासह सॅग 35. पुस्तकी आकडा! मनगटाची तक्रार संपली, गाडी सरळ उभी दिसायला लागली, आणि पहिल्या दिवशी मालकांचा फोन आला तो आनंदाचा.

पण मेकॅनिकने दुसराही आकडा घेतला होता. नुसत्या गाडीच्या वजनाने फोर्क फक्त 6 मिलिमीटर बसत होता. आधी तो 26 होता. चालकाचा सॅग बरोबर आणि मोकळ्या गाडीचा जवळजवळ शून्य, ही जोडी एकच गोष्ट सांगते: स्प्रिंग वजनाला कमी आहे आणि प्रीलोड देऊन तिला बळेच उभी केली आहे. उलट जोडी असती, म्हणजे चालकाचा सॅग बरोबर आणि मोकळ्या गाडीचा भरपूर, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असं म्हटलं असतं. दोन्ही सॅग एकत्र वाचायचे ते यासाठी. फक्त एकच मोजून थांबणाऱ्याला इथे काम फत्ते झालं असंच वाटलं असतं.

रस्त्यावर तसंच निघालं. लांबट उंचवट्यावरून उतरताना चाक खाली लोंबलं की फोर्क पूर्ण उघडून वरच्या टोकाला 'टक्' करून आदळायचा, कारण जास्तीच्या प्रीलोडने दाबलेली स्प्रिंग त्याला शेवटपर्यंत जोराने बाहेर ढकलत होती. आणि जोराच्या ब्रेकवर तळाचा 'ठक्' कमी झाला तरी गेला नाही.

का, ते आकड्यांत बघता येतं. दोन स्प्रिंग मिळून मिलिमीटरला साधारण 12 न्यूटन. सुरुवातीला प्रीलोड 22 होता. फोर्क तळाला नेण्यासाठी स्प्रिंग 22 अधिक 130, म्हणजे 152 मिलिमीटर दाबावी लागते: सुमारे 1,820 न्यूटन. स्पेसरने प्रीलोड 42 झाला, तेव्हा तळाला 2,060. जेमतेम तेरा टक्क्यांची भर. प्रीलोडने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. आणि ब्रेकवर फोर्कला नुसतं पुढे सरकलेलं वजन पेलायचं नसतं. फोर्क तिरका असल्यामुळे टायरला मागे ओढणाऱ्या ब्रेकच्या जोराचाही काही हिस्सा थेट फोर्कला दाबायला जातो. टेलिस्कोपिक फोर्क 1935 मध्ये बीएमडब्ल्यूने तेलाच्या डँपिंगसह कारखान्यातून रस्त्यावर आणला, तेव्हापासून हे वैगुण्य त्याच्या सोबतीला आहे.

दुसरा निर्णय: नवी स्प्रिंग

किती कडक? मालकांना वाटत होतं, घेतोच आहोत तर 0.9 घेऊ, पुन्हा तक्रार नको. मेकॅनिक 0.8 वर अडून बसला.

त्याच्या म्हणण्याला आधार होता. पुढच्या चाकावर येणारं वजन, त्यातून चाक-डिस्कसारखा स्प्रिंगखालचा भाग वजा करून आणि फोर्कचा तिरपेपणा धरून, चालकासह स्प्रिंगवर सुमारे 925 न्यूटन भार येत होता. चालकाशिवाय 575. 0.8 च्या जोडीला 20 मिलिमीटर प्रीलोड दिला तर सॅग चालकासह 38 आणि मोकळ्या गाडीचा 16 येतो. तळाला नेण्यासाठी 2,400 न्यूटन लागतात, म्हणजे मूळ अवस्थेपेक्षा बत्तीस टक्के जास्त, आणि तेही फोर्क वरच्या टोकाला न आदळता. 0.9 ला चालकासह तेवढाच सॅग ठेवायचा तर प्रीलोड तेरा-चौदा मिलिमीटरवर आणावा लागला असता. तेही चाललं असतं, पण ही गाडी एकट्याने, मध्यम वेगाने फिरणाऱ्या माणसाची होती. शर्यतीच्या मैदानावर चालवणाऱ्याला मी 0.9 च सुचवलं असतं.

जोडी आली, बसली. हिशेबाने आलेले आकडे टेपवर दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने तसेच उतरले. अशा वेळी मेकॅनिक लोक काही बोलत नाहीत, टेप गुंडाळून खिशात टाकतात.

तेल, पुन्हा एकदा

स्प्रिंग कडक झाली की ती वर फेकतेही जास्त जोराने, आणि तिला आवरणारं रिबाउंड डँपिंग तेलाकडेच असतं. 10W वर हँडल दाबून सोडलं तर फोर्क वर येऊन पुन्हा खाली-वर होत थांबत होता. एकदा वर यावं, किंचित बसावं आणि थांबावं, असं हवं. 15W घालून पाहिलं तर छोट्या खड्ड्यांचा कडकपणा परत डोकावायला लागला. शेवटी एकाच कंपनीचं 10W आणि 15W अर्धं-अर्धं मिसळलं.

एकाच कंपनीचं, यावर जोर आहे. डब्यावरच्या 10W, 15W या आकड्यांना फोर्कच्या तेलात सर्वमान्य अर्थ राहिलेला नाही. एका कंपनीचं 10W दुसऱ्या कंपनीच्या 5W इतकं पातळ निघू शकतं. तुलना करायचीच तर डब्याच्या माहितीपत्रकात 40 अंश सेल्सिअसला दिलेला सेंटिस्टोक्सचा आकडा बघायचा.

पातळी 160 वरून 145 वर घेतली (अंतर कमी म्हणजे तेल जास्त), तीही दोन्ही पाय बरेचदा पंप करून बुडबुडे यायचे थांबल्यावर, स्प्रिंग बाहेर असताना. राखून ठेवलेला हवेचा उपाय इथे कामी आला: शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरला जास्तीचा आधार.

घट्ट तेल इथे शेवटी आलंच, हे खरं. पण पहिल्या गॅरेजमध्ये ते स्प्रिंगचं काम करायला घातलं होतं. इथे ते नव्या स्प्रिंगला आवरायला आलं.

निष्पत्ती

फोर्क पाइपवर बांधलेली केबल टाय कुठपर्यंत ढकलली जाते हे रोज बघायला मालकांना सांगितलं होतं. पूर्वी ती तळाला जाऊन थांबायची. आता जोराच्या ब्रेकवर पंचवीस मिलिमीटरच्या आसपास हालचाल शिल्लक राहते, आणि ब्रेकवर मोठा खड्डा आला तरी बोटभर तरी उरतेच. ठोका बंद झाला.

दोन गोष्टी मात्र कोणी धरून चाललं नव्हतं. पहिली, हेडलाइट. पुढून बसलेल्या गाडीचा झोत खाली पडतो म्हणून आधीच्या कुणीतरी तो वर करून ठेवला होता. पुढचा भाग उचलला गेल्यावर तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायला लागला. समोरचे डिपर मारू लागले तेव्हा लक्षात आलं.

दुसरी, हँडल. मालक म्हणाले, गाडी वळायला जरा जड झाली. बरोबरच होतं. पुढचा भाग सतरा मिलिमीटर वर आल्यावर फोर्कचा कोन अर्ध्या अंशाहून थोडा जास्त मोकळा झाला, त्यासोबत ट्रेल, म्हणजे हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, वाढला. आधीची चपळ गाडी खरं तर बसलेली गाडी होती, आणि वेगात हँडलला जी थरथर यायची तीही त्यामुळेच. फोर्क पाइप टीमधून पाच मिलिमीटर वर सरकवून चपळपणा थोडा परत आणता आला असता. त्यासाठी फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या टीला लागत नाही हे आधी तपासावं लागतं. मालकांनी आठवडाभर चालवून पाहिलं आणि आहे तेच ठेवा म्हणाले.

काय वेगळं करता आलं असतं

बुश तेव्हाच बदलायला हवे होते. काही महिन्यांनी ब्रेक धरून गाडी पुढेमागे केल्यावर हलका खुळखुळ जाणवायला लागला, आणि तो फोर्क पुन्हा पूर्ण सोडवावा लागला. हाताने हलवून खेळ कळत नाही म्हणून बुश चालेल, हा निकष चुकीचा होता. लेप झिजून धातू दिसला की बुश गेला. मेकॅनिकच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की तेव्हा हे काम तात्पुरतं धरलं होतं. पण सील नवे घालायला फोर्क पूर्ण मोकळा केलाच होता. तसा तो मोकळा असेल तर बुश बदलण्याचे कष्ट जवळजवळ शून्य असतात.

स्पेसरचा प्रयोग टाळून थेट नवी स्प्रिंग मागवायला हवी होती का, यावर माझं आणि त्या मेकॅनिकचं एकमत नाही. तो म्हणतो, ड्रिल मशीनवर 0.6 आल्याबरोबर उत्तर हातात होतं, एकदा फोर्क उघडायचा वाचला असता. मला वाटतं, मालकांना 0.9 चा हट्ट सोडायला लावलं ते त्या सहा मिलिमीटरने. प्रीलोडने आलेली खोटी ताठरता त्यांनी स्वतः चालवून अनुभवली नसती, तर जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं हे त्यांच्या डोक्यातून गेलं नसतं.

डँपर रॉडच्या डोक्यावर इम्युलेटर, म्हणजे धक्क्यानुसार तेलाची वाट उघडणारी छोटी झडप, बसवण्याचा पर्याय खुला आहे. धारदार खड्ड्यांवर उरलेली थोडी कुरबूर त्याने जाईल, पण त्यासाठी डँपर रॉडला कायमची मोठी भोकं पाडावी लागतात, आणि मग मूळ रचनेकडे परत जाता येत नाही. मालकांनी तूर्त नको म्हटलं आहे.

पुढचा भाग ताठ झाल्यावर मागचे दोन शॉकअप किती थकले आहेत ते आता वळणात कळायला लागलं आहे. प्रीलोडची खाच एक पायरी वर केली, त्याने उंची सावरली पण डोलणं तसंच राहिलं, म्हणजे तिथे मुद्दा डँपिंगचा आहे. ते शॉकअप सीलबंद आहेत, उघडून तेल बदलायची सोय नाही, त्यामुळे जोडीच बदलावी लागेल. त्याआधी मागचे दोन्ही सॅग मोजायचे ठरलं आहे.